बंदी म्हशीला नव्हती

आरोपीच्या वकिलांनी मोबाइल न्यायाधीशांपुढं धरला. फोटोत शिंगं रंगवलेली म्हैस होती. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, ‘मला कुणी चोरलं विचारू नका. साहेबांनी बंदी घातलीय.’

मी सरकारी वकील. म्हैस शिवाजी पेठेतल्या तात्यांची, म्हणजे माझ्याच फिर्यादीची. चोरीची वस्तू सापडली की तिला मुद्देमाल म्हणतात. हा मुद्देमाल रोज दूध द्यायचा, त्यामुळं कोर्टानं तो निकालापर्यंत तात्यांकडंच सांभाळायला दिला होता.

तात्या दूधविक्रीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर धार काढतात. दुधाबरोबर, आरोपीला काय काय करायला पाहिजे, तेही रोज ऐकवायचे. त्याचे व्हिडिओ फिरले. आरोपीच्या आईला गल्लीतून चालणं मुश्कील झालं. शेवटी कोर्टानं हुकूम काढला, निकालापर्यंत तात्यांनी खटल्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. तात्यांनी तो पाळला. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात, तेव्हा काय बोलायचं ते म्हैस बोलली.

“मी तोंड उघडलं न्हाय, साहेब,” तात्या म्हणाले. “बंदी मला हुती. म्हशीला कुठं हुती?”

मी कपाळाला हात लावला. हा कोर्टाचा अवमान आहे, यांना इथं बसूच देऊ नका, असं आरोपीच्या वकिलांचं म्हणणं. तात्यांचा चेहरा उतरला. शिक्षा ठरवताना आपल्यालाही विचारावं, एवढ्याच आशेनं ते प्रत्येक तारखेला येत होते. न्यायाधीशांनी बराच वेळ पाणी प्यायलं आणि सक्त ताकीद देऊन त्यांना सोडलं.

पुढं गुन्हा शाबीत झाला. शिक्षेवर सरकारतर्फे मीच बोलते, फिर्यादीला बोलू देणं न्यायाधीशांच्या मर्जीवर. मी परवानगी मागितली आणि मिळाली. तात्या फाशीच मागणार, अशी मला धास्ती होती.

तात्या उठले. आरोपीकडं बघत राहिले.

“शिक्षा किती ते तुम्ही ठरवा, साहेब. परत आली तवा म्हस मला हात लावू दीना झालती. लेकीगत सांभाळलीया तिला. एवढं ह्यानं ऐकावं.”

आरोपीनं मान खाली घातली. मलाही क्षणभर कागद दिसेनात.

शिक्षा मी मागितली तेवढीच झाली, दिवस वाढला नाही की कमी झाला नाही. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, “केस मी जिंकली की, मॅडम.” मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी फिर्यादीला बोलू द्या म्हणून आधीच अर्ज करते. माणसाला कोर्टात बोलायला मिळालं, की त्याला म्हशीवर लिहावं लागत नाही.