भिंतीइतकाच डोस

अणुवीज केंद्राच्या फाटकापाशी एक खिडकी आहे. तिच्यामागे तेवीस वर्षं बसलेल्या माणसाला सगळे बिल्लेवाला म्हणत. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो छातीवर लावायचा बिल्ला देई आणि महिनाअखेर परत घेई. बिल्ल्यात एक छोटी चकती असते. अंगावर पडलेला किरणोत्सर्ग ती मुकाट्याने साठवते; तापवली की साठवला असेल त्या मानाने उजळते. त्या उजेडावरून माणसाने किती डोस घेतला ते कळतं. चकती खोटं बोलत नाही, असं तो नव्या लोकांना सांगे. माणसांविषयी तो काही सांगत नसे.

घरी कुणाला ताप आला तर तो थर्मामीटर दोनदा लावी. बायको म्हणे, आम्हाला मुलं दोन झाली तीही खात्रीसाठीच.

त्याचा थोरला भाऊ याच केंद्रात वेल्डर. बाप लवकर गेल्यावर दादाने ठिणग्या झेलून याला शिकवलं, नोकरीलाही त्यानेच चिकटवलं. दादाच्या निवृत्तीला पाच महिने उरले असताना केंद्र दुरुस्तीसाठी बंद झालं. अणुभट्टीजवळच्या एका अरुंद खोलीतला पाइपचा सांधा बदलायचा होता. तीस वर्षांपूर्वी तो दादानेच जोडला होता, नोकरीतलं पहिलं मोठं काम म्हणून. शेवटचंही तेच असावं, असं त्याच्या मनाने घेतलं. अडचण एवढीच, की त्याचा वर्षाचा डोस मर्यादेच्या उंबरठ्यावर आला होता. मर्यादा गाठली की वर्ष संपेपर्यंत आत जाणं बंद, आणि वर्ष संपायच्या आत तर निवृत्ती.

सांधा झाला. तपासणीत त्यात केसाएवढीही खोट निघाली नाही. महिनाअखेर बिल्ले तापवले, तेव्हा दादाबरोबरच्या दोन्ही फिटरांच्या चकत्या चांगल्या उजळल्या. दादाची जेमतेम.

बिल्लेवाल्याच्या खोलीत भिंतीवर एक बिल्ला कायम टांगलेला असतो. जमिनीतून, आभाळातून जो किरणोत्सर्ग साऱ्या जगाला फुकट मिळतो, तो मोजायला. दादाचा आकडा त्या बिल्ल्याशी तंतोतंत जुळला. कागदोपत्री दादाने तो महिना भिंतीला टेकून काढला होता. आत जाणाऱ्याच्या खिशात पेनसारखं दुसरं मापकही असतं, पण त्याचा आकडा ज्याचा त्याने वहीत लिहायचा असतो. दादाने तोही तेवढाच, सुवाच्य अक्षरात लिहिला होता.

जेवणाच्या सुट्टीत बिल्लेवाला कपडे बदलायच्या खोलीत गेला. दादा बाकावर बसून बूट बांधत होता.

"बिल्ला कुठे होता?"

"कपाटात. डब्याशेजारी." दादाने मान वर केली नाही. "सांध्यात चूक सापडली का?"

"सांधा चोख आहे. तुझ्या अंगात किती गेलं, ते कुठे आहे?"

"अंग माझं आहे."

"दादा, मला लिहावं लागेल."

"तुला लिहायला कोणी शिकवलं रे?"

बिल्लेवाला आपल्या खोलीत परतला आणि त्याने लिहिलं.

चौकशी झाली. फिटरांचे आकडे आणि आत काढलेला वेळ यांवरून दादाचा डोस ठरवला गेला. मर्यादा थोडी ओलांडली होती. प्रकृतीला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादाचं आत जाणं मात्र थांबलं आणि उरलेले महिने त्याला शिकाऊ वेल्डरांच्या कार्यशाळेत पाठवलं. तिथे बिल्ला लागत नाही. रोज सकाळी तो खिडकीसमोरून सरळ बघत जाई. दोन घरांच्या बातम्या आता जावाजावांच्या फोनवरून पोचत.

निवृत्त होणाऱ्याला त्याच्या डोसचा दाखला मिळतो, आणि तो बिल्लेवाल्यानेच द्यायचा असतो. शेवटच्या दिवशी दादा खिडकीशी आला. वर्षाला एक अशा ओळी होत्या. शेवटच्या ओळीपुढे लिहिलं होतं: अंदाजे.

"हा शब्द खोडता येईल?"

"नाही."

दादाने त्या शब्दावरून बोट फिरवलं. जन्मात त्याने एकही सांधा अंदाजे जोडला नव्हता.

"शिकाऊंना मी पहिल्या दिवशी बिल्ला काढू नका हेच सांगतो," तो म्हणाला. "नाव घेत नाही. एका मूर्ख वेल्डरची गोष्ट म्हणून."

मग दाखल्याची घडी करून त्याने ती छातीवरच्या खिशात ठेवली.

"रविवारी जेवायला या सगळे. तुझ्या वहिनीने सांगितलंय."

वहिनीने असं काहीही सांगितलं नव्हतं. आदल्या रात्री ती रविवारी माहेरी जाणार असल्याचं फोनवर जावेला म्हणाली होती. बिल्लेवाल्याने ते कुठे नोंदवलं नाही. येतो म्हणाला.