वय न झालेला चेहरा

ईश्वर कुणाला गाण्यासाठी गळा देतो, कुणाला हाक मारण्यासाठी. न्यायालयातल्या पुकारेवाल्याला त्याने दुसरा दिला. दाराबाहेर उभे राहून तीनदा नाव घ्यावे आणि वाट पाहावी, एवढीच त्याची चाकरी. पण ती तो पूजेसारखी करी.

स्फोटाच्या खटल्याची तारीख आली की मात्र ती त्याला जड जाई. बस आगाराच्या प्रतीक्षागृहात बॉम्ब ठेवणारा माणूस, पाळण्यातले लेकरू मागे टाकून, सीमेपलीकडे निसटला होता. तीसएक वर्षे दोन सरकारांनी पत्रे लिहिली, हरकती घेतल्या, पुन्हा पत्रे लिहिली. आणि इकडे एकेक साक्षीदार डोळे मिटत गेला. मृत्यूची नोंद न्यायालयात पोहोचेपर्यंत पुकारा थांबत नसे. तो गेलेल्यांनाही हाक मारी. तिसऱ्या हाकेनंतर व्हरांड्यात अशी शांतता उतरे, की जणू कुणीतरी यायला निघाले आहे आणि वळणापाशी थबकले आहे.

त्या माणसाला पाहिलेली आता एकच उरली होती, पुकारेवाल्याची थोरली बहीण. आगारात तिचे सुई-दोऱ्याचे दुकान होते. ‘मावशी, पिशवीकडे जरा लक्ष असू द्या,’ असे सांगून तो तरुण गेला होता. ताईने नवऱ्याला म्हटले, ‘बघा हो जरा,’ आणि ती पाणी आणायला गेली. परतली ती धुरात.

आरोपीला अखेर परत आणले, तेव्हा ताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. ओळख परेड हुकली. आता ओळखायचे ते भर न्यायालयात. ओळखले तर शिक्षा, नाही तर तो मोकळा. ‘फोटो दाखवला होता ना? कुणी पढवलं?’ असे विचारून वकील साक्षीदाराला कसे घेरतात, हे पुकारेवाल्याने उभे आयुष्य पाहिले होते. म्हणून त्याने घरातले वर्तमानपत्र बंद केले. बातम्या लागल्या की टीव्ही बंद.

“डोळे उघडून दिलेस आणि आता झापडं बांधतोस होय रे?” ताई म्हणे.

“साक्षीपुरतं, ताई. तुझ्या डोळ्यांत जे आहे ते सोवळ्यात राहू दे.”

“त्या मेल्याला मी सोवळ्यात ठेवू?”

साक्षीच्या दिवशी तो तिला म्हणाला, “हाक ऐकलीस की लगेच यायचं.”

“तुझा आवाज वेशीपलीकडे जातो. मेलेले कसे उठून येत नाहीत, त्याचंच नवल.”

त्याने नाव पुकारले. पहिल्याच हाकेला ती उठली.

आरोपीच्या पिंजऱ्यात एक वाकलेला म्हातारा होता. दाढी पांढरी, गाल बसलेले. मागच्या बाकावर बापाची औषधे मांडीवर घेऊन त्याचा मुलगा बसला होता.

“पिशवी ठेवणारा माणूस या खोलीत आहे का?” सरकारी वकिलांनी विचारले.

ताईची नजर पिंजऱ्यावरून भिंतीवरून जावी तशी गेली. पुढे सरकली, आणि थिजली.

“हा काय,” ती हळूच म्हणाली. “तेच कपाळ, तीच हनुवटी. हा असा मोकळा कसा बसलाय?”

बोट मागच्या बाकाकडे होते.

बचावाचे वकील मायेने म्हणाले, “नक्की ना, आजी?”

“या चेहऱ्याबरोबर मी झोपते आणि उठते, बाबा.”

न्यायाधीशांनी जबाब लिहवला. दाराशी उभ्या पुकारेवाल्याला तेव्हा कळले. तो चेहरा आपण इतका जपला, की त्यावर एक सुरकुतीही पडू दिली नाही.

बाहेर बाकावर बसून ताई विचारत होती, “चुकलं का रे माझं?” इतक्यात मुलगा समोर येऊन उभा राहिला. बाप निर्दोष आहे, हे ऐकतच तो मोठा झाला होता.

“आजी, तो माणूस बोलायचा कसा?”

ताई आक्रसून भावाला चिकटली. “असाच. बोलून झालं की ओठ डावीकडून वर जायचा. तुझा गेला ना आत्ता, तसाच.”

मुलाने हळूहळू तोंडावर हात ठेवला.

पोलीस म्हाताऱ्याला बाहेर घेऊन आले. लेकाला पाहून तो थांबला. “चल रे बाळा, देवानं ऐकलं,” तो म्हणाला, आणि त्या पांढऱ्या दाढीत ओठाची डावी कड वर गेली.

ताईने भावाचे मनगट घट्ट धरले. “हा. अरे, हाच. चल, आत सांगते.”

“ताई,” दणदणीत गळ्याचा पुकारेवाला कुजबुजला, “आता सांगितलंस तर म्हणतील, बाहेर जाऊन शिकून आली.”

म्हाताऱ्याने बेडीतला हात पुढे केला. मुलगा एक पाऊल मागे सरला, ताईच्या बाकाला टेकला, आणि त्याने तोंडावरचा हात काही केल्या काढला नाही.