कच्च्या ढिगावर माझी सही

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली मी नगरला पालिकेच्या खतडेपोवर कारकून होतो. मैलापाण्याच्या टाकीत तळाला बसलेला गाळ तिथे वाळवायचा, आणि विडी कारखान्यांतून येणारी तंबाखूची भुकटी नि काड्या त्यात मिसळून खत करायचं. गाळाचा एक थर, तंबाखूचा एक थर, वर पाणी. पंधरा दिवसांनी ढीग उलथायचा. पहिल्या दिवशी त्या भुकटीनं मला अशी भोवळ आली की टाकीच्या कठड्याशीच ओकलो. मुकादमानं तोंडावर पाणी मारलं, गुळाचा खडा दिला नि म्हणाला, "व्हईल सवय. न खानाऱ्याला लई लागती."

काम मला त्यानंच शिकवलं. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा. चटका बसला तर आत अजून शिजतंय. गार झाला तरी घाई नाही. कुंडीत ते खत भरून अळीव पेरायचा, तो हिरवागार वर आला तरच खत शेतात जाऊ द्यायचं. "कच्चं गेलं तर मुळं जाळतंय," हे त्याचं रोजचं वाक्य. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. त्यामुळे असेल, मी या माणसाला फार धरून होतो.

माझी थोरली बहीण देवळाली प्रवऱ्याला दिलेली. दाजी पाटाच्या पाण्यावर मिरची लावणार होते. मी म्हटलं, खत आमच्याकडचं न्या, पण तुमच्यासाठी धरलेला सहावा ढीग आधी पिकू द्या. अजून दोन महिने लागतील.

त्यातच पाथर्डीहून आईच्या दुखण्याचा निरोप आला. मी दहा दिवसांची रजा टाकली. खत बाहेर काढायला माझ्या सहीचा पास लागायचा. पिकलेल्या ढिगांचं काम अडू नये म्हणून पाच कोऱ्या पासांवर सह्या केल्या आणि ते मुकादमाच्या हातात ठेवले.

परत आलो तर सहाव्या ढिगाची जागा झाडून लख्ख केलेली.

"मोठे साहेब बघायला येनार हुते. जागा मोकळी करा म्हनले," मुकादम म्हणाला. "तुझ्या दाजींना निरोप धाडला. नेलं त्यांनी."

"अहो, पण तो कच्चा होता!"

"पिकंल की रानात."

मी तसाच एस.टी.त बसलो. मळ्यात पोचलो तेव्हा दाजी सरीत उकिडवे बसले होते. लावणीला आठ दिवस झाले होते नि रोपं पानांच्या कडेनं करपून माना टाकून होती. एक उपटून त्यांनी माझ्यापुढे धरलं. मुळं काळी पडलेली, पांढरा तंतू म्हणून नाही.

"पाव्हणं, तुमची सही बघितली आन् डोळं झाकून टाकलं," एवढंच ते बोलले.

मी बहिणीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तू नव्हतास तिथं, मान्य. पण सही तुझीच ना?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे गेलो. त्यांनी मुकादमाला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "मला वाचता येत न्हाई, साहेब. पासावर ढिगाचा आकडा यांनीच घातला आसंल." रोज दुपारी भाकरी खाताना आम्हाला पेपर वाचून दाखवणारा माणूस! मी ते सांगितलं. साहेबांनी पास माझ्यासमोर सरकवला आणि खाली माझ्या सहीवर बोट ठेवलं. ताकीद मला मिळाली.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "द्यायचंच होतं तर माझ्याच बहिणीला का?"

त्यानं आवाजही चढवला नाही. "दुसऱ्या कुनाला दिलं आसतं तर पालिकेत येऊन बोंब मारली आसती त्यानं. तुझी भन काय तक्रार करनार?"

म्हणजे त्यानं विचार केला होता. रोपं जळणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ती कुणाच्या रानात जळली तर खपून जाईल हेही. माझ्याशीही तो खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच्याबरोबर मी पुढे दोन वर्षं काम केलं. हाताखाली शिकलेलं काहीच सोडता आलं नाही. ढिगात हात घालताना त्याचाच आवाज कानात यायचा. आम्ही कामापुरतं बोलायचो.

त्या मिरचीच्या रानात बहिणीनं नंतर गवार टोचली. दिवाळीत मी भाऊबीजेला गेलो. तिनं ओवाळलं, पुरणपोळी वाढली, आईची चौकशी केली. माझी बस निघेपर्यंत दाजी मळ्यातून घरी आले नाहीत.