गरम झाली की बंद

परवा कामतीच्या पुढे गाडी पुन्हा बंद पडली. भर दुपार, दोन्ही बाजूंना काढणी होऊन मोकळी पडलेली ज्वारीची रानं, आणि शेजारच्या सीटवर नुकतंच डायलिसिस करून निघालेले आप्पा...

आप्पा म्हणजे माझे वडील. मंगळवेढ्याला आम्ही दोघंच राहतो. जवळ कुठे नंबर लागला नाही, म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना सोलापूरला नेते. एसटीचे धक्के त्यांना सोसवत नाहीत, म्हणून ही छोटी सेकंडहँड गाडी घेतली. मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. ड्रायव्हिंग शिकले तेही यासाठीच.

थंड असताना गाडी उत्तम चालते. तापली की मात्र हायवेवर मध्येच इंजिन बंद... स्टेअरिंग जड होतं, एसी जातो, डॅशबोर्डवरचे दिवे लागतात. मागून ट्रकचा हॉर्न, आणि मी जीव मुठीत धरून गाडी कडेला घेत असते. बराच वेळ थांबलं की पुन्हा चालू होते, जणू काही झालंच नव्हतं.

गॅरेजच्या किती फेऱ्या झाल्या. बॅटरी बदलली, फ्युएल पंप बदलला, वायरिंग तपासलं. लॅपटॉप लावून स्कॅन केलं तर काहीच दिसत नाही. "मॅडम, आमच्याकडं तर एकदाबी बंद पडली न्हाय," असं ते म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या हातात ती खरंच बंद पडत नाही. एकदा गाडी बंद पडल्यावर मी व्हिडिओ काढून दाखवला. त्यात फक्त माझा रडवेला आवाज आला होता...

तर परवा. चारी दारं उघडली, बॉनेट उघडलं. त्यात बघून मला काय कळणार, पण उघडलं. टोइंगवाल्याला फोन केला, तो म्हणाला वेळ लागेल. भावाला पुण्याला फोन केला, तो म्हणाला, "विकून टाक ती." विकून टाकू, आणि शुक्रवारी काय करू?

वारा नव्हता. डायलिसिसनंतर आप्पांचं बीपी उतरतं, उन्हात अजूनच गळून जातात. त्यात डॉक्टरांनी त्यांना पाणी बेतानंच प्यायला सांगितलेलं. मी टॉवेल ओला करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. माझ्याही घशाला कोरड पडली होती, पण त्यांच्यासमोर बाटली तोंडाला लावायचा धीर होईना.

डोक्यावरचा टॉवेल सारखा करत ते बोलले. "पोरी, आता बास कर की."

"काय बास?"

"ह्ये न्यायचं-आनायचं. तू बी दमलीस, मी बी दमलोय. जे काय व्हायचं ते घरात हुईल."

रागावून नाही, रडून नाही... उद्या भाजी आणू नको म्हणावं तसं म्हणाले. आयुष्यभर रानात राबलेला माणूस. कुणावर भार टाकणं त्यांना जमतच नाही.

मला लगेच "असं बोलू नका" म्हणता आलं नाही. खरं सांगू? क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आता हा रस्ता नको, ही गाडी नको, ही भीती नको... आणि पुढच्याच क्षणी आपण कशातून सुटायला निघालोय ते कळलं. मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. आप्पांना माझं तोंड दिसू नये म्हणून.

तेवढ्यात एक पिकअप थांबला. सोलापूरच्या मार्केटला कांदा टाकून परत निघालेलं जोडपं. बाई खाली उतरल्या, आप्पांच्या हातावरची पट्टी बघितली. "डायलिशिस का हो मामा?"

"व्हय. पन आता बंद करनार हाय," आप्पा म्हणाले. माझ्याशी जे जेमतेम बोलले होते, ते परक्या बाईला सरळ सांगून टाकलं.

बाई त्यांच्याजवळ वाकल्या. "आमच्या सासूबाई बी असंच म्हनाल्या हुत्या. जायला गाडीच मिळंना, मग म्हनल्या ऱ्हाऊ द्या. आमी बी गप बसलो." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तसं नगा करू मामा. मागनं घरातल्यांना लई जड जातंय."

त्या दोघांनी आप्पांना धरून पिकअपमध्ये पुढे बसवलं. बाई स्वतः मागे माझ्याबरोबर रिकाम्या पोत्यांवर बसल्या. गाडी आम्ही तिथंच लॉक करून सोडली. मंगळवेढ्यापर्यंत खड्डा आला की त्या माझा दंड धरत होत्या. आम्हाला दारात सोडून ते दोघं निघून गेले. गडबडीत नावसुद्धा विचारायचं राहिलं...

काल गाडी गॅरेजला पोहोचली. गरम झाल्यावर काम सोडणारा कुठलासा सेन्सर असतो, तो बदलतो म्हणालेत. असेलही. मागच्या वेळीही असंच सांगून काहीतरी बदललं होतं. गाडी कधी मिळेल माहीत नाही, आणि मिळाली तरी आप्पांना घेऊन त्या रस्त्याला लागायची माझी हिंमत होईल का, तेही माहीत नाही.

काल संध्याकाळी भाकरी करत होते. आप्पा भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारात आले.

मग म्हणाले, "शुक्रवारी कशानं जायाचं गं?"

मी म्हटलं, "बघते आप्पा." हे लिहितेय तोवरही उत्तर सापडलेलं नाही. दोघा-तिघांना विचारून झालंय, अजून विचारते आहे... पण आप्पांनी प्रश्न विचारला. कांद्याच्या पिकअपमधल्या त्या ताईंपर्यंत हे कसं पोहोचवायचं, तेवढं कुणीतरी सांगा.