व्याह्यांच्या ऑर्किडची काटछाट

शिंप्याच्या डोळ्याला लोंबता दोरा खपत नाही. लग्नाचा मांडव असो की कुणाच्या घरचं दहावं-बारावं, समोरच्याच्या बाहीतून दोरा डोकावताना दिसला की शिंपीबुवांचा हात खिशातल्या छोट्या कात्रीकडे जायचा. उभा जन्म मशीनवर मान मोडलेल्या माणसाला एवढी खोड माफ असते. निदान कपड्यांपुरती.

दुकान भाच्याच्या गळ्यात घालून मोकळे झाल्यावर त्यांना फुलांचं वेड लागलं. ते लावलं व्याह्यांनी. व्याही म्हणजे लेकीचे सासरे. जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि ऑर्किडवर जीव टाकणारे. रविवार आला की दोघं कधी बागेतल्या काचघरात, कधी रोपांच्या बाजारात. व्याही बोलत, शिंपीबुवा बघत. ऑर्किडची पाकळी बघून त्यांना वाटे, या मखमलीची शिवण ठेवलीय तरी कुठे? हेलिकोनियाच्या लाल-पिवळ्या तुऱ्यांसमोर ते म्हणत, “असा रंग अंगावर घ्यायला छाती लागते.” अँथुरियमला मात्र हळूच बोट लावून बघत, इतकी चकाकी असलेला माल अस्सल असतो, यावर धंद्यातल्या माणसाचा विश्वास बसत नाही.

व्याही तेव्हा मुळं, ओल, बुरशी यांवर बोलत असत. त्यातलं अक्षर डोक्यात शिरत नसे, पण शिंपीबुवा अशा काही अदबीनं मान डोलवत की व्याह्यांनी चारचौघांत जाहीर करून टाकलं, “आमच्या व्याह्यांना झाडातलं सगळं कळतं हो.”

म्हणूनच व्याही आणि विहीणबाई गावाला गेले तेव्हा फुलांवर पाणी फवारायचं काम शिंपीबुवांकडे आलं. जावई फिरतीवर, लेक कामावर. दुपारी घर रिकामं. गॅलरीत व्याह्यांचं लाडकं ऑर्किड, जांभळा व्हँडा, टांगलेला होता. ना कुंडी, ना माती. लाकडी टोपलीत बसलेलं झाड आणि त्याखाली हातभर लोंबणारे राखाडी दोरेच दोरे. एक लांब, एक आखूड. एवढं देखणं फूल आणि खालचा काठ असा उसवलेला! पुढचं त्यांच्या हातानं केलं. काम झाल्यावर ते दोन पावलं मागे सरले आणि एक डोळा मिटून पाहिलं. काठ कसा सुतात आला होता.

संध्याकाळी लेक आली.

“बाबा, इथलं खालचं सगळं कुठे गेलं?”

“कापलं. केवढे दोरे लोंबत होते.”

“अहो, मुळं होती ती!”

“मातीत नाहीत ती कसली मुळं?”

“हवेतलं पाणी पितात ती! शंभरदा सांगितलंय तुम्हाला मामंजींनी.”

सांगितलं असणार. शिंपीबुवांनी कात्री खिशात खोल सारली.

व्याही परत आले ते हातातल्या पिशवीसकट थेट गॅलरीत. “कुणी केलं हे?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, हीच पंचाईत. शिंपीबुवांनी तोंड उघडलं.

“मी,” लेक म्हणाली. “केर काढताना पसारा वाटला.”

व्याह्यांनी राग गिळला. विहीणबाईंना ते जमलं नाही. “माहेरी कात्री चालते म्हणून इथेही घर कातरायला काढलंस का गं?”

लेकीनं मान खाली घातली. शिंपीबुवांनी प्यायला पाणी मागितलं. तेही तिनंच आणून दिलं.

पुढच्या रविवारी रोपांच्या बाजारात व्याही ओळखीच्या माळ्याला म्हणाले, “आमच्या सूनबाई आल्या तर कात्र्या लपवून ठेवा बरं.” माळी हसला. त्याच्याही आधी शिंपीबुवा हसले. ते हसू त्यांच्याच कानांवर आलं, आणि समोरची सगळी फुलं डोळ्यांना नकोशी झाली. त्यांनी व्याह्यांची बाही धरली.

“व्याही, तिनं नाही कापलं. मी कापलं. पोरीनं माझ्यावर पांघरूण घातलं.”

व्याह्यांचे डोळे भरून आले. “लेकीसाठी बाप किती कमीपणा घेतो!”

“अहो, शप्पथ! मीच!”

“तुम्ही? मुळांबद्दल मी सांगायच्या आधी तुमची मान डोलते.”

“ती नुसतीच डोलते! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“पुरे, व्याही, पुरे. आता ऐकवत नाही.”

घरी येऊन व्याह्यांनी ही हकिकत सगळ्यांना सांगितली, थोडी रंगवून. विहीणबाई विरघळल्या. सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “झालं गेलं विसरून गेले मी. चूक तुझी असली तरी बाप लाखात एक मिळालाय तुला.”

“विहीणबाई, अहो माझं ऐका तरी,” शिंपीबुवा काकुळतीला आले.

लेक कप ठेवायला वाकली. “बाबा, जितकं बोलाल तितके मोठे व्हाल,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली. “गप्प बसा आता.”

तिच्याकडे बघायचा धीर होईना. ते खाली मान घालून बसले.

“बाई बाई, किती तो विनय!” विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शिंपीबुवांच्या कपात आणखी चहा ओतला.