वीस कुटुंबांची पसंती

खुसपटबाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी खुर्चीत पुरता टेकलोही नव्हतो. तेवढ्यात त्यांनी खुर्चीचा एक पाय आखूड असल्याचं, माझ्या सदऱ्याची बटणं एक घर चुकल्याचं, घड्याळ चार मिनिटं मागे असल्याचं आणि माझ्या चष्म्याच्या काचा उलट्या बसवल्याचं जाहीर केलं. काचा मी त्याच दिवशी दुकानात दाखवल्या. उलट्याच होत्या.

बाईंना हे नाव अर्थात ऑफिसने ठेवलेलं. माझ्या भाच्याच्या कंपनीत त्या तपासनीस होत्या आणि मी साइटवरचा मजकूर लिहायचो. घरच्या आजाऱ्याजवळ बसायला भरवशाचं माणूस मिळवून देणारी साइट. बाईंचे स्वतःचे वडील अंथरुणाला खिळलेले. दिवसा शेजारीण बघायची, पण ती महिनाअखेर दुसरीकडे राहायला जाणार होती. त्यामुळे साइटवरचं पहिलं माणूस बाईंनाच हवं होतं.

कच्ची साइट वापरायला द्यायची वेळ आली आणि वादाला तोंड फुटलं.

"सगळ्यांना खुली करा," बाई म्हणाल्या. "परकी माणसं शिव्या घालतील, पण कुठे अडतंय ते तरी कळेल."

"आणि चारचौघांत शोभा झाली म्हणजे?" भाचा म्हणाला. "निवडक वीस जणांनाच देऊ."

"द्या. पण ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, असेच निवडा."

भाच्याने निवडले ते दोन काका, मावशी, सासरे, तीन मेहुणे, त्यांच्या बायका, असं करत शेवटी मी. या गोतावळ्यात आजारी काही असलंच तर ती अक्कल.

आठ दिवसांत वीस अभिप्राय आले. वाचताना पाकात पडलेली माशी गिळल्यासारखं झालं. "एकच नंबर!" "घराण्याचं नाव काढलंस!" मावशीने लिहिलं होतं, "फार वाळलास रे, वेळेवर जेवत जा."

बाई दोन दिवस साइटवर आलेले अर्ज तपासत होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या.

"मामा, माणूस मागायचे वीसच्या वीस अर्ज एकाच कॉम्प्युटरवरून भरलेत. तुमच्या भाच्याच्या. तुमचा तुम्ही भरला होतात?"

"म्हणजे... तिसऱ्या पानावर 'पुढे' दाबलं की ते परत पहिल्या पानावर न्यायचं. मग मी त्याला फोन केला. म्हटलं, तूच भर ना, बाळा."

"आणि अभिप्रायात काय लिहिलंत?"

"निळा रंग छान आहे."

जेवणात केस सापडल्यावर माणूस त्या केसाकडे बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाच माझी शिसारी आली. बाकीचे एकोणीसही तिथेच अडले होते, त्यांनीही फोनच केला होता, आणि एकानेही त्याबद्दल ब्र काढला नव्हता. भाच्याच्या कॉम्प्युटरवर मात्र ते बटण इमानेइतबारे पुढे न्यायचं.

बाई तडक भाच्याकडे गेल्या. "बटण दुरुस्त करा, खुली चाचणी घ्या. मग साइट सुरू करायला सही करते."

"अहो, वीस माणसं खूश आहेत!"

"वीस माणसं कुठली? वीस वेळा तुम्हीच आहात."

भाच्याने बाईंच्या जागी स्वतःच सही ठोकली. मी तिथेच होतो. मान खाली घालून पहिल्या पानासाठी नवी ओळ लिहीत होतो, 'वीस कुटुंबांची पसंती'.

साइट सुरू झाली, तिसऱ्या पानापुढे कुणीच गेलं नाही आणि अकराव्या दिवशी ती बंद पडली. महिनाअखेर बाईंनी नोकरी सोडली. वडिलांजवळ आता त्याच बसतात.