एका दोरीला दोन कुत्री

ही गोष्ट म्या आजवर कुणाला सांगितली न्हाय. बायकोला न्हाय, पोरांना न्हाय. देवळात देवापुढं उभा राहिलो तरी तिथंबी दुसरंच काहीतरी बोलून आलो. आता तुमाला का सांगतोय, ते माझं मलाच कळत न्हाय. तुमी ओळखीचे न्हाय म्हणून असंल. वय झालं म्हणून असंल. कारण हुडकत बसलो तर सांगायचंच राहून जाईल, म्हणून कारण सोडून देतो.

गोष्ट कुत्र्याची हाय. हसू नका. म्हणजे — हसलात तरी चालंल, सुरुवातीला आमीबी हसतच होतो. पण त्या कुत्र्यापायी एका माणसाला गाव सोडावं लागलं. अन् त्यात त्या माणसाचा काडीचा दोष नव्हता. हे फक्त मला ठाऊक हाय.

माझी शाळा दुसरीपर्यंत. त्याची मला कधी लाज वाटली न्हाय. कारण गोऱ्हा शिकवण्यात चार गावांत माझा हात धरणारा कुणी नव्हता. गोऱ्हा म्हणजे तरणा बैल, मानेवर कधी जू न घेतलेला. त्याला शिकवायची माझी रीत एकच — शांत, म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला जुंपायचा. तरणा उधळला तरी म्हातारा जागचा हलत न्हाय. चार दिवस ओढाताण होते, आठव्या दिवशी गोऱ्हा नांगराच्या तासात सरळ चालतो. परंड्याकडची माणसं गोऱ्हे घेऊन माझ्याकडं यायची. त्याचा मला गर्व होता. होता कशाला, अजून हाय.

आता कुत्र्यांचं सांगतो.

जमादार हे माझ्या थोरल्या भावाचं कुत्रं. बहात्तरच्या दुष्काळात भाऊ खडी फोडायला जायचा, तिथं त्याला ते पिल्लू सापडलं. त्याच कामावर भाऊ आजारी पडला अन् गेला. मागं राहिली गोदावहिनी अन् हे कुत्रं. अंगण आमचं एक, चुली दोन. वहिनी कुणापुढं रडली न्हाय. पण रोज सांजच्याला जमादारापुढं भाकरी ठेवून त्याच्याशी काहीबाही बोलत बसायची. काय बोलायची, म्या कधी कान दिला न्हाय.

सात-आठ वर्षं गेली. पुन्हा दोन सालं पाऊस धड पडला न्हाय. विहिरी आटल्या. गावात नवी दूध सोसायटी झाली होती, तिच्यावरच घरं चालायची. त्याच सालात तेरखेड्याच्या पाव्हण्यानं मला एक पिल्लू दिलं. म्हणाला, "फटाक्याच्या गावचं हाय, जपून." खरंच होतं ते. एका जागी ठरायचंच न्हाय, नुसतं गरगर फिरायचं. म्हणून नाव ठेवलं भिंगऱ्या.

भिंगऱ्यानं जमादाराचा पार पिच्छा पुरवला. त्याचे कान चाव, शेपटीला लोंबकळ, तो निजला की त्याच्या पोटावर चढ. जमादाराच्या थाळीत तोंड घालून त्याचीच भाकरी ओढून न्यायचं. जमादार एकदा गुरगुरायचा, अन् उठून दुसरीकडं जाऊन बसायचा. लईच झालं तर त्याच्या मानेवर पंजा ठेवून त्याला भुईला दाबून धरायचा. मारायचा न्हाय, नुसता धरून ठेवायचा. पिल्लू गप झालं की सोडायचा. आज वाटतं, तो त्याच्या परीनं शिकवतच होता की. मग तवा मला ते का दिसलं न्हाय? मला दिसत होतं फक्त एवढं, की माझं पिल्लू गावात माझं हसं करतंय.

सोसायटीत दुधाचं माप घ्यायला किसन होता. बौद्धवाड्यातला, मॅट्रिक झालेला, लगीन होऊन दोनच वर्षं झालेली. गावात बसून मिळणारी नोकरी ती एकच, अन् ती त्यानं चोख केली. माप एका थेंबानं इकडंतिकडं न्हाय. एक दिवस मी दूध घालायला गेलो, मागं ही दोन्ही कुत्री. भिंगऱ्यानं दूध गाळायचं फडकं तोंडात धरलं अन् गावभर पळालं. मागं किसन, किसनच्या मागं अर्धी आळी. फडकं घेऊन तो धापा टाकत परत आला अन् हसत हसत म्हणाला, "बापू, आवरा यांना. न्हायतर एक दिवस दोघांच्या भाकरीत औषध घालतो बघा!"

सगळे हसले. मी म्हणालो, "आठ दिवस थांब. जमादाराच्या जोडीला बांधतो, गोऱ्ह्यावाणी सरळ करतो."

किसन म्हणाला, "तुमी दुसरीत शाळा सोडली अन् आता कुत्र्यांची शाळा काढली व्हय?"

मग तर लोक असे हसले — मीबी हसलो. पण मला लागलं. कशाला लागावं? त्याच्या बोलण्यात काही नव्हतं, तो सगळ्यांशीच तसं बोलायचा. तरी लागलं. घरी आलो अन् दोन हात लांबीची दोरी घेतली. एक टोक जमादाराच्या गळ्यात. पिल्लाची मान बारीक म्हणून त्याला पुढच्या पायांखालनं छातीला बांधलं.

पहिले चार दिवस पिल्लानं म्हाताऱ्याला फरफटवलं. गोऱ्हाबी चार दिवस तसंच करतो, म्हणून म्या सोडलं न्हाय. जमादाराच्या गळ्याचे केस गेले. त्याला धड बसता येईना, खाता येईना. वहिनी म्हणाली, "भावजी, सोडा त्याला. म्हातारं हाय ते." मी म्हणालो, आठ दिवस. आठ दिवस झाले. पिल्लू होतं तसंच. वहिनी पुन्हा म्हणाली. "तुमच्या भावानं कधी याच्या गळ्याला दोरी लावली न्हाय वो." मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं? ती आत गेली. अन् मी सोसायटीत जाऊन सांगितलं की पिल्लू निम्मं शिकलं. का सांगितलं? न्हाय शिकलं म्हणलो असतो तर काय झालं असतं? लोक दोन घटका हसले असते, एवढंच की.

दहावा-अकरावा दिवस असंल. सकाळी दूध घालून आलो. वहिनी रानात गेलेली, घरात कुणी न्हाय. मी ओट्यावर बसलो अन् घरामागनं, विहिरीच्या अंगानं, पिल्लाची ओरड ऐकू आली. लई ओरडत होतं. मी मनात म्हणालो — शिकतंय. जमादारानं दाबलं असंल, आज खरं शिकतंय.

अन् म्या तंबाखू मळली.

हेच ते. हे एवढं सांगायला मला इतकं आडवंतिडवं यावं लागलं. ती ओरड म्या ऐकली, अन् बसून राहिलो. किती वेळ? तंबाखू मळून, दाढंत धरून, थुंकून होईस्तवर. मग ओरड बारीक झाली, तवा उठलो.

विहीर कोरडी होती, तिला कठडा नव्हता. आतल्या कपारीत पारवे राहायचे. पिल्लू पारव्यामागं धावलं असणार अन् काठावरनं खाली गेलं. दोरीनं लोंबकळत होतं, छातीला बांधलेलं म्हणून जितं. वर काठाला बाभळीचं तुटकं खोड होतं. जमादार त्या खोडाला पुढचे पाय लावून पडला होता. मान ताणलेली, जीभ बाहेर. अंग अजून गरम होतं.

त्यानं पिल्लाला धरून ठेवलं होतं, का नुसता खोडाला अडकला होता? चाळीस वर्षं झाली, मला ठरवता आलं न्हाय. कधी वाटतं धरलंच होतं. कधी वाटतं, मुक्या जनावराला काय कळतंय, दोरी आवळली अन् मेलं. दोन्हीत मारणारा मीच, हे मात्र कळतं.

म्या पिल्लाला वर ओढलं. दोरी सोडली अन् विहिरीत टाकली. जमादाराला उचलून अंगणात लिंबाखाली आणून ठेवलं. वहिनी रानातनं आली. डोक्यावरचा भारा तसाच ठेवून उभी राहिली. म्हणाली, "भावजी, काय झालं?"

तोंड उघडलं अन् आतनं आलं, "कुणीतरी औषध घातलं."

कुणीतरी, एवढंच म्हणालो. नाव घेतलं न्हाय. पण नाव घ्यायची गरज कुठं होती? त्याचं ते मस्करीतलं बोलणं अर्ध्या गावानं ऐकलेलं. अन् किसनच्या हातचं माप नको असणारे दोन-चार जण आधीपासनंच होते. का नको, ते तुमाला कळतंय, मी कशाला बोलू. त्यांना कारण पाहिजे होतं. ते म्या आयतं नेऊन दिलं.

चार दिवसांनी सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली. एक जण म्हणाला, "जो कुत्र्याला औषध घालतो, त्याच्या हातात गावाचं दूध कसं द्यायचं?" वहिनी कधी चारचौघांत बोलायची न्हाय. त्या दिवशी पुढं आली अन् म्हणाली, "माझ्या दारातलं मुकं जनावर मारलं यानं. याच्या हाताला मी दूध घालणार न्हाय." वहिनीच्या शब्दाला वजन होतं. बाकीच्या बायका तिच्या मागनं उठल्या.

किसननं माझ्याकडं बघितलं. "बापू, तुमी तरी सांगा. म्या मस्करी केली होती ना वो? तुमीबी हसला होता."

मी म्हणालो, "म्या कुणाचं नाव घेतलंय का?"

किती साळसूद बोललो! खरंबी अन् खोटंबी. वहिनीला कळू नये म्हणून बोललो, का गावात माझी रीत खोटी ठरू नये म्हणून? का त्या दिवशीच्या हसण्याचा राग होता? तिन्ही असंल. उत्तर रोज बदलतंय.

माप दुसऱ्याकडं गेलं. किसननं महिनाभर कळ काढली, मग बायकोला घेऊन कुर्डुवाडीला गेला. जाताना माझ्या दारावरनंच गेला. मी आत होतो. बाहेर आलो न्हाय.

अन् भिंगऱ्या? त्या दिवसापासनं तो गपच झाला. धावायचा न्हाय, कुणाच्या अंगावर चढायचा न्हाय. वहिनीच्या उंबऱ्याशी बसून राहायचा. लोक म्हणायचे, "बापू, मानलं तुमाला. आठ-दहा दिवसांत कुत्रं माणसावाणी केलं की." मी मान डोलवायचो. एक-दोघांनी आपली पिल्लं आणली, शिकवा म्हणून. त्यांना म्हणालो, आता हातात तेवढा जोर राहिला न्हाय.

वहिनी पुढं वीस वर्षं जगली. किसनचं नाव निघालं की थुंकायची. म्या कधी अडवलं न्हाय.

ती गेल्यावर पुढच्या साली मी परंड्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. मागनं कुणीतरी म्हणालं, "बापूच न्हवं का?" किसन होता. केस पिकलेले. मला वाटलं तोंड फिरवंल. त्यानं हाताला धरून चहाच्या टपरीवर नेलं. पोरगी शिकतीय म्हणाला, मुलगा कामाला लागलाय म्हणाला. मग वहिनीची चौकशी केली. गेली, म्हणून सांगितलं. त्याचा ग्लास हातात तसाच राहिला.

म्हणाला, "शेवटपर्यंत माझ्यावर राग होता का वो त्यांचा?"

तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. वहिनी नव्हती. गाडीला वेळ होता. सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं? तोंडापर्यंत आलंबी होतं. मग काय आडवं आलं? कळत न्हाय. खरंच कळत न्हाय.

मी म्हणालो, "व्हय."

त्यानं मान हलवली. म्हणाला, "असणारच. त्यांच्या मालकाची तेवढीच आठवण होती ती. मी त्यांच्या जागी असतो तर मलाबी आला असता." मग माझा रिकामा ग्लास बघितला अन् म्हणाला, "अजून एक घेता का, बापू?"

मी म्हणालो, घेतो.